‘येस सिस्टर’ म्हणण्याआधी

दर वर्षी बारावीची परीक्षा संपली की आमच्या घरी, म्हणजे पुण्यातल्या आमच्या कॉन्व्हेंटमध्ये, चार-सहा मुली राहायला येतात. श्रीरामपूरकडच्या, राहात्याच्या, संगमनेरच्या, कधी इथल्याच येरवड्याच्या नाहीतर वडगावशेरीच्या. पाचारण, म्हणजे सिस्टर होण्यासाठी देवाचं बोलावणं, आहे की नाही ते पाहायला आलेल्या. २००६च्या मे महिन्यात मीही अशीच वडिलांबरोबर, आप्पांबरोबर, शिवाजीनगर स्टँडवर उतरले होते, पत्र्याची ट्रंक आणि गावच्या फादरांची चिठ्ठी घेऊन. मुलींचे प्रश्न ठरलेले असतात. पहाटे किती वाजता उठायचं, घरी कधी सोडतात, केस कापावे लागतात का, तुमच्यात साडी की झगा. मी उत्तरं देते. पण ज्या एका गोष्टीत मी अडकले आणि जिची भरपाई आजवर झालेली नाही, ती कुणी विचारत नाही. ती विचारायची असते हेच माहीत नसतं. म्हणून लिहायला बसले आहे.

टप्पे थोडक्यात सांगते, कारण ते तुमच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) सिस्टरांनी सांगितलेच असतील. आधी अ‍ॅस्पिरंट, मग पोस्ट्युलंट, हे दोन्ही उमेदवारीचे टप्पे, मग नोव्हिस, म्हणजे व्रतांची तयारी करणारी, मग निर्धनता, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांची पहिली व्रतं आणि शेवटी कायमची. सुरुवातीचे टप्पे किती काळाचे, ते सिस्टरांची प्रत्येक संस्था आपल्या घटनेप्रमाणे, म्हणजे लिखित नियमांप्रमाणे ठरवते. नोव्हिशिएट, म्हणजे नोव्हिस असण्याचा काळ, मात्र सगळीकडे एकाच चौकटीत बसतो. वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत, किमान १२ महिने नोव्हिशिएटच्या घरात काढायचे, आणि सगळा मिळून काळ दोन वर्षांच्या वर ठरवायचा नाही. पहिली व्रतं मुदतीची असतात, तीन ते सहा वर्षं. वरिष्ठांना गरज वाटली तर नऊपर्यंत वाढवता येतात. कायमच्या व्रतांना २१ वर्षं पूर्ण लागतात. माझी पहिली व्रतं २०१०मध्ये झाली, कायमची २०१६मध्ये, मदर तेरेसांना संतपद मिळालं त्याच वर्षी. घर सोडल्यापासून मोजली तर दहा वर्षं. ‘पोरगी एकदा आत गेली की गेली’ असं म्हणून रडणाऱ्या आयांना मी हाच आकडा सांगते. दहा वर्षं मला परत परत विचारलं गेलं, तुला हे खरंच हवंय का. प्रत्येक वेळी नाही म्हणायची वाट उघडी होती.

आता माझं एक मत, जे आमच्याच घरातल्या दोन-तीन सिस्टरांना अजिबात पटत नाही. बारावी झाल्या झाल्या येऊ नका. पदवी घ्या, नर्सिंग करा, डी.एड. करा, काहीतरी पूर्ण करून या. संस्था शिकवत नाही असं नाही, मला एम.एस.डब्ल्यू. संस्थेनेच करू दिलं. पण स्वतःच्या बळावर शिकलेली मुलगी आत राहते ती राहायचं म्हणून राहते, आणि जायची वेळ आलीच तर मान वर करून जाते. संस्था सोडणाऱ्या सिस्टरला केलेल्या कामाचा मोबदला हक्काने मागता येत नाही, असं कॅनन लॉ, म्हणजे कॅथलिक चर्चचा कायदा, सांगतो. संस्थेने तिच्याशी न्यायाने आणि प्रेमाने वागावं हेही त्याच कलमात आहे, आणि तसं वागणारी माणसं मी पाहिली आहेत. तरी हातात कागद असलेला बरा.

घाई करणाऱ्यांपासूनही जपा. तीन दिवसांचं शिबिर असतं, शेवटच्या संध्याकाळी मेणबत्त्या लावतात, गाणी होतात, आणि मग कुणीतरी विचारतं, येशूसाठी कोण कोण येणार? माझाही हात असाच वर गेला होता. तो हात खोटा नव्हता. पण त्या संध्याकाळी तिथल्या सगळ्याच मुलींचे हात वर होते आणि त्यातल्या बहुतेक जणी आज सुखाने संसार करतायत. शिबिरातून घरी जा. पावसाळाभर आईबरोबर पाणी भरा, खुरपायला जा, भावंडांशी भांडा. हरेगावच्या मतमाउलीच्या, मारियामातेच्या, यात्रेला जाऊन या. सप्टेंबर उलटल्यावरही मनातलं ते जागेवर असेल तर पत्र लिहा. लगेच लिहिलं नाही म्हणून पाचारण पळून जात नाही.

पुण्यात येणाऱ्या मुलींना एक सोय आहे, तिचा उपयोग करून घ्या. इथे एकाच शहरात कितीतरी संस्थांची घरं आहेत. शाळावाल्या, दवाखान्यावाल्या, वस्तीत काम करणाऱ्या. एकाच घराच्या प्रेमात पडून निर्णय घेऊ नका, तीन-चार ठिकाणी जाऊन या. शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात १९७०च्या दशकात कॅथलिक आणि अँग्लिकन, म्हणजे दोन वेगळ्या ख्रिस्ती पंथांच्या, भगिनी एका छताखाली राहून, जमिनीवर बसून, भारतीय रीतीने प्रार्थना करत होत्या. सिस्टर होण्याची तीही एक तऱ्हा. रामवाडीला ज्ञानदीप ही ईशज्ञानाची (थिऑलॉजीची) संस्था आहे. तिथली पेपल सेमिनरी १९५५मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आली, आणि तिच्या आवारात आज सिस्टरही ईशज्ञान शिकतात. पण त्या अभ्यासाची ओढ पहिल्या वर्षी नको. आधी भांडी घासताना प्रार्थना जमते का ते पाहा.

आता मूळ गोष्टीकडे येते. तिची सुरुवात भाषेपासून होते.

आमच्या तुकडीत आठ जणी होतो. मराठी मी एकटी. बाकी केरळच्या, मंगळूरच्या, झारखंडच्या, एक गोव्याची. घरात इंग्रजी. प्रातःप्रार्थना इंग्रजीत, जेवताना वाचन इंग्रजीत, रागावणंही इंग्रजीत. मी मराठी शाळेत शिकलेली, दहावीला इंग्रजीत जेमतेम पास. बाहेर फाटकाशी भाजीवाला मराठीत ओरडायचा आणि मी आत मुकी. नगर जिल्ह्यातून येणाऱ्या मुलींनी हे आधीच ऐकून ठेवावं, कारण कुणी सांगत नाही: पहिलं वर्ष तुम्ही स्वतःला मंद समजाल. तुम्ही मंद नाही. तुम्ही दुसऱ्या भाषेत विचार करता आहात. ते वर्ष सरतं, वाक्यं यायला लागतात, दुसऱ्या वर्षी स्वप्नंसुद्धा मिसळलेल्या भाषेत पडतात. मला तेव्हा सावरलं ते स्वयंपाकघरातल्या एका म्हाताऱ्या सिस्टरने. सत्तरी ओलांडलेली, मूळची वसईची. एका रविवारी ती मला क्वार्टर गेटजवळच्या सिटी चर्चला घेऊन गेली आणि म्हणाली, “ही जागा सवाई माधवरावांनी दिली, १७९२मध्ये. त्यांच्या फौजेतल्या ख्रिस्ती लोकांना मिस्सेच्या उपासनेला जागा हवी होती. तेव्हापासून आपण इथे आहोत. तू कुणाच्या घरी पाहुणी आलेली नाहीस, समजलं?”

समजलं होतं. पण तोंड उघडायची सवय मोडली ती मोडलीच. मला एकच वाक्य बिनचूक यायचं. येस सिस्टर. सूचना कळली नाही तरी येस सिस्टर. पाळीत पोट दुखत असलं आणि धुणं माझ्याकडे असलं तरी येस सिस्टर. आणि त्याचं कौतुक व्हायला लागलं. शांत मुलगी, आज्ञाधारक मुलगी. दर महिन्याच्या मूल्यमापनात माझ्या नावापुढे तेच. हळूहळू मलाही वाटायला लागलं की आज्ञापालनाचं व्रत घ्यायचं म्हणतात ते हेच असणार, आणि ते मला व्रत घेण्याआधीच जमलंय.

२००९चा जानेवारी. माझं कॅनॉनिकल वर्ष चालू होतं, म्हणजे ते सक्तीचे बारा महिने. महिन्याच्या पहिल्या रविवारी घरचा फोन यायचा, पार्लरमधल्या, म्हणजे पाहुण्यांच्या खोलीतल्या, लँडलाइनवर, दहा मिनिटं. दादा म्हणाला, “आप्पांना दम लागतो गं. दोन-दोन उशा घेऊन झोपतात. श्रीरामपूरला दाखवलं, हृदय मोठं झालंय म्हणाले. तू येऊन जा की चार दिवस. विचारतात तुला.” मी म्हणाले, “बघते, दादा.”

त्याच संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढताना मी माझ्यापेक्षा एक वर्ष पुढे असलेल्या एका मुलीला सहज विचारलं. ती म्हणाली, “कॅनॉनिकल वर्षात? मनातसुद्धा आणू नकोस. एक रात्र जरी बाहेर राहिलीस तरी वर्ष मोडतं, पुन्हा पहिल्या दिवसापासून.” तिने ते काळजीने सांगितलं. तिला तिच्या पुढच्या मुलीने सांगितलं होतं, तिला आणखी कुणी. मी खोलीत जाऊन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. सात महिने झाले होते, पाच उरले होते. मी मनाशी हिशेब केला की पाच महिने आप्पा थांबतील. हा हिशेब मी केला, दुसऱ्या कुणी नाही.

त्या आठवड्यात नोव्हिस मिस्ट्रेसने, म्हणजे नोव्हिसांची जबाबदारी असलेल्या सिस्टरने, मला स्वतःहून विचारलं होतं. मी गुलाबाच्या वाफ्याला पाणी घालत होते, ती थांबली, घरी सगळं ठीक ना म्हणाली. मी म्हणाले, येस सिस्टर.

एकोणीस दिवसांनी सकाळी फोन आला. मिस्ट्रेस स्वतः माझ्याबरोबर निघाली, घरची जीप काढून. शिरूरला चहाला थांबलो तेव्हा तिने विचारलं, किती दिवस आजारी होते? मी सांगितलं. का बोलली नाहीस? मी तेही सांगितलं, वर्ष मोडलं असतं म्हणून. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “पंधरा दिवसांपर्यंत एक दिवससुद्धा भरून काढावा लागत नाही. तू मागितले असतेस तर मी तुला त्याच रात्री बसमध्ये बसवलं असतं.” चहा माझ्या हातात तसाच निवला.

दुपारी पोहोचले. माती झाली. दादा सगळ्यांसमोर एवढंच म्हणाला, “तुझ्या देवाकडे चार दिवस नव्हते का?” पुढे तीन वर्षं तो माझ्याशी बोलला नाही. मी त्याला काय सांगणार होते? रजा कुणी नाकारलीच नव्हती. मी मागितलीच नव्हती.

म्हणून तो नियम नीट लिहून देते, वहीत उतरवून घ्या. १९८३च्या कॅनन लॉ संहितेतलं ६४९वं कलम. नोव्हिशिएटच्या घराबाहेर तीन महिन्यांपेक्षा जास्त राहिलात, मग ते सलग असो की तुकड्यातुकड्यांनी मिळून, तर नोव्हिशिएट रद्द ठरतं. ही झाली वरची मर्यादा. १५ दिवसांपेक्षा जास्त राहिलात तर ते दिवस भरून काढायचे. म्हणजे नोव्हिशिएट तेवढं पुढे सरकतं, मोडत नाही. १५ दिवसांच्या आत असाल तर या कलमाप्रमाणे भरून काढायचंही काही नाही. परवानगी अर्थातच लागते, आणि प्रत्येक संस्थेच्या घटनेत किंवा चालीरीतीत याहून कडक काही असू शकतं. म्हणून घटनेची प्रत हातात घेऊन वाचा. नोव्हिसला ती शिकवतातच, नाही मिळाली तर मागा. दोरीवर कपडे वाळत घालताना मिळणारी माहिती नियम म्हणून धरू नका. माझ्यासारखी मुलगी दर वर्षी भेटते मला. एकीला वाटत होतं चष्म्याचा नंबर वाढला सांगितलं तर घरी पाठवतात. एक लोह कमी असल्याचा रिपोर्ट उशीखाली ठेवून चार महिने चक्कर येऊन पडत होती. एकीच्या बहिणीचं लग्न होतं, तिने गृहीतच धरलं की विचारणंसुद्धा पाप आहे.

विचारणं पाप नाही. हे मी दहा वेळा लिहीन. आज्ञापालन तुमच्या बोलण्यानंतर सुरू होतं. जे तुमच्या वरिष्ठांना ठाऊकच नाही त्याबद्दल त्या निर्णय काय घेणार, आणि तुम्ही पाळणार काय? मी एकोणीस दिवस जे केलं त्यात आज्ञा कुणाचीच नव्हती, फक्त माझी भीती होती आणि तिला मी व्रताचं नाव दिलं होतं.

कसं विचारायचं तेही सांगते, कारण मुली इथेच अडखळतात. आधी झालंय काय ते सांगा, पूर्ण. “सिस्टर, आप्पांना हृदयाचा त्रास आहे, त्यांना झोपता येत नाही.” मग हवंय काय ते सांगा, गोल गोल नको. “मला चार दिवस घरी जायचं आहे.” ‘जमलं तर’, ‘तुम्हाला योग्य वाटलं तर’, ‘तसं काही विशेष नाही’ हे शब्द पहिल्या दोन वाक्यांत आणू नका, त्यांनी खरी गोष्ट झाकली जाते. मग म्हणा, “निर्णय तुमचा, मी ऐकेन.” इंग्रजी येत नसेल तर मराठीत बोला. समोरच्या सिस्टरला मराठी कळत नसेल तर जिला कळतं तिला बरोबर घेऊन जा. तोंडातून शब्द फुटत नसेल तर चिठ्ठी लिहून टेबलावर ठेवा. एकदा नाही म्हणाल्या आणि परिस्थिती बिघडली तर दुसऱ्यांदा विचारा.

आणि नकारही मिळतो. त्याची तयारी ठेवा. २०१८मध्ये मी येरवड्याच्या वस्तीत धुणीभांडी करणाऱ्या बायकांबरोबर काम करत होते. तीन वर्षांनी त्यांचा बचतगट उभा राहिला होता, बायका बँकेत एकट्या जायला लागल्या होत्या. तेव्हाच बदली आली, दुसऱ्या जिल्ह्यात मुलींच्या वसतिगृहावर. मी प्रॉव्हिन्शियलना, म्हणजे संस्थेच्या आमच्या प्रांताच्या प्रमुख सिस्टरना, भेटले, एक वर्ष मागितलं, कारणं दिली, रडलेही. त्यांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणाल्या. वसतिगृहातली सिस्टर आजारी होती, दुसरं कुणी नव्हतं. मी गेले. आजही मला वाटतं की ते एक वर्ष मिळायला हवं होतं, गट पुढे विस्कळीत झाला. पण ती बदली मला रात्री जागवत नाही. माझं म्हणणं त्यांच्यापुढे पूर्ण पोहोचलं होतं.

याच ओघात एक कडक सूचना. कुणी अंगाशी आलं, कुणी अधिकाराचा गैरवापर केला, मग तो फादर असो, सिस्टर असो की संस्थेतला कामगार, तर ते देवाला ‘अर्पण करायचं’ दुःख नव्हे. २०१९मध्ये पोप फ्रान्सिस यांनी काढलेल्या आदेशाप्रमाणे प्रत्येक धर्मप्रांतात, म्हणजे बिशपच्या हद्दीत, अशी तक्रार घ्यायची व्यवस्था असावीच लागते, आणि तक्रार करणाऱ्यावर गप्प राहण्याची अट घालता येत नाही. तुमच्या धर्मप्रांतात ती तक्रार कुणाकडे द्यायची, ते आत येतानाच विचारून ठेवा. देशाचा कायदा आणि पोलीस चौकी तुमच्यासाठीही आहेतच.

मार्गदर्शक कसा निवडावा, हे मुली विचारतात. माझी पसंती तुम्हाला विचित्र वाटेल. सुंदर प्रवचन करणाऱ्यांकडे धावू नका. गेल्या महिन्यात तुम्ही काय बोललात ते ज्याला आठवतं, तो माणूस निवडा. आणि प्रत्येक प्रश्नाला लगेच ‘देवाची इच्छा’ हे उत्तर देणाऱ्यांपासून चार हात दूर राहा. देवाची इच्छा इतक्या चटकन कळत असती तर नोव्हिशिएटला दोन वर्षं कशाला लागली असती? अध्यात्मिक मार्गदर्शक वेगळा आणि तुमच्या राहण्या-जाण्याचा निर्णय घेणारी वरिष्ठ वेगळी, हे ध्यानात असू द्या. मनातलं सगळं वरिष्ठांपुढे उघडं करायला भाग पाडू नये, असं कॅनन लॉमध्ये स्पष्ट आहे. तुम्ही विश्वासाने, आपणहून सांगितलंत तर उत्तमच. माझी ती स्वयंपाकघरातली सिस्टर कुणाची अधिकृत मार्गदर्शक नव्हती, तिला कधी कुणी रिट्रीट (ध्यानशिबिर) द्यायलाही बोलावलं नाही. आप्पांच्या मातीहून परतल्यावर तिने मला चाळीस दिवस रोज संध्याकाळी लसूण सोलायला बसवलं. एक अक्षर उपदेश केला नाही. मी मराठीत बोलत राहिले, ती हं हं करत राहिली. माझं नोव्हिशिएट तिथे वाचलं.

निर्धनतेबद्दल फार लिहीत नाही, कारण गरीब घरातून आलेल्या मुलीला ते व्रत सोपं जातं. उलट आत आल्यावर तीन वेळा जेवण आणि स्वतःची खाट मिळाली म्हणून अपराधी वाटतं. ते वाटू द्या, पण त्यात अडकू नका. पहिल्या व्रतांआधी तुमच्या नावावर जे काही असेल त्याचा कारभार दुसऱ्याकडे सोपवावा लागतो, कायमच्या व्रतांआधी मृत्युपत्र करावं लागतं. आमच्या नावावर दादाने एक गुंठासुद्धा ठेवला नव्हता, तरी मी कोरं वाटावं असं मृत्युपत्र केलं. पगार संस्थेच्या खात्यात जातो. अनुदानित शाळेतल्या सिस्टरांच्या पगारातून आयकर कापायचा की नाही हा वाद पार सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि कर कापला जाणार हे २०२४मध्ये पक्कं झालं. घरच्यांनी ‘पोरीचा पगार किती’ विचारलं तर खरं सांगा, की त्यातला एक रुपया तुम्हाला घरी पाठवता येणार नाही. हे आईवडिलांना आधी सांगितलेलं बरं. धाकट्या भावाच्या फीसाठी घरात टंचाई आली की हे व्रत खरं बोचतं.

ब्रह्मचर्याबद्दल सगळे आडून बोलतात, मी सरळ सांगते. विशी-बाविशीत माणसाची ओढ वाटते, ती निभते, जप, काम, मैत्रिणी असतात. अवघड काळ मला पस्तिशीजवळ आला, आणि तो पुरुषाबद्दल नव्हता. वस्तीतल्या एका बाईचं बाळ माझ्या खांद्यावर झोपलं आणि ते परत देताना माझे हात रिकामे झाले ते दोन दिवस तसेच राहिले. मला कुणी सांगितलं नव्हतं की असं होतं. तुम्हाला सांगते, होतं. लाजायचं कारण नाही, आणि पाचारण खोटं असल्याचा तो पुरावाही नाही. बोला कुणाशी तरी. त्या वेळी मी मात्र दोन दिवसांतच बोलले.

सेवेबद्दल मुलींच्या डोळ्यांत एक चित्र असतं, मदर तेरेसांचं, रस्त्यावरच्या माणसाला उचलणारं. त्या चित्रामागे पहाटेचे तास असतात. आमचा दिवस पाचच्या घंटेने सुरू होतो, ध्यान, प्रातःप्रार्थना, मिस्सा, मग काम. दुपारी आत्मपरीक्षण, संध्याकाळी जपमाळ, सायंप्रार्थना, जेवणानंतर तासभर सगळ्यांनी एकत्र बसायचं, रात्रप्रार्थना, मौन. काम वाढलं की पहिली कात्री ध्यानाला लागते, आणि महिन्याभरात चिडचिड सुरू होते. वस्तीतल्या बायका मला ते तोंडावर सांगायच्या, “सिस्टर, आज देवाला भेटला नाही वाटतं.” आणि सगळ्यात मोठी सेवा कुठली म्हणाल तर घरातलीच. वेगवेगळ्या राज्यांच्या, वेगवेगळ्या वयांच्या सहा बायका, एक स्वयंपाकघर, एक पंखा. कुणाला भाजीत खोबरं हवं, कुणाला नको. तिथे जी टिकते ती कुठेही टिकते.

न टिकल्यास? नोव्हिस कुठल्याही दिवशी जाऊ शकते. मुदतीची व्रतं संपली की नवी न घेता जाता येतं. आमच्या आठातल्या तिघी गेल्या. एक नगरला नर्स आहे, तिच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला आम्ही पाचही जणी होतो. गावात लोक बोलतील, ‘पळून आली’ म्हणतील, सहा महिने बोलतील. आईवडिलांनो, मुलगी परत आली तर दारातच मिठी मारा, प्रश्न दुसऱ्या दिवशी. पण नुसत्या एका भांडणावरून, एका वाईट महिन्यावरून बॅग भरू नका. मी तीनदा भरली होती आणि तिन्ही वेळा ती उलगडताना मन शांत होतं.

येताना काय आणायचं ते सांगते. बाप्तिस्म्याचा आणि दृढीकरणाचा (कन्फर्मेशनचा) दाखला, अविवाहित असल्याबद्दल फादरांचं पत्र, मूळ गुणपत्रिका, आधीच्या आजारांचे सगळे रिपोर्ट, एकही न लपवता. सुती पंजाबी ड्रेस चार, स्वेटर एक तरी, पुण्यात डिसेंबरात पाचला उठून चॅपेलमध्ये बसलं की हाडं कुडकुडतात. तुमचं स्वतःचं मराठी बायबल, घरात इंग्रजी असलं तरी. मोबाइल जमा करावा लागेल, म्हणून घरातल्या दोन माणसांचे नंबर वहीत लिहून आणा आणि पाठ करा. आणि आपल्या कॉन्व्हेंटचा लँडलाइन नंबर घरी देऊन या. आमच्या आईने तो चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवला होता. गेल्या वर्षी दादाने घराला रंग दिला, तेवढी एक फूट भिंत सोडून.